बोटं नसलेली बाई

परदेशी जायला पासपोर्ट लागतो, तिकीट लागतं, गरम कपडे लागतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बोटं लागतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे बोटं आहेत मला. दहाच्या दहा. याच बोटांनी घरच्या ओव्हनमधून केक, टार्ट आणि पफ काढून मी अर्ध्या वस्तीचे वाढदिवस पार पाडले आहेत. पण व्हिसा कचेरीतल्या त्या काचेच्या चौकोनावर डाव्या हाताची बोटं ठेवली आणि यंत्र लाल झालं. उजव्या हाताची ठेवली, पुन्हा लाल. अंगठे ठेवल्यावर तर त्याने असा काही आवाज केला की अख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली. दुकानातून वस्तू न सांगता पर्समध्ये घालणाऱ्या बाईकडे बघतात तशी.

"मॅडम, तुमचे ठसे नाहीत," यंत्रामागची मुलगी म्हणाली.

"नाहीत म्हणजे?"

"म्हणजे येत नाहीत."

"मग कुठे गेले?"

"ते तुम्हालाच माहीत."

मला माहीत होतंच. निम्मे तापलेल्या ट्रेंना चिकटून गेले, निम्मे उकळत्या साखरेत. उरलेसुरले भांडी घासताना मोरीतून वाहून गेले, आणि जी काही ओल कातडीत राहिली होती ती मैद्याने पिऊन टाकली. काम करणाऱ्या माणसाच्या हाताचं हेच होतं. ज्याने उभ्या जन्मात फाईल या टेबलावरून त्या टेबलावर सरकवण्यापलीकडे काही केलं नाही, त्याचे ठसे बघा कसे झळझळीत येतात! चोरांचेही येतात. मी मात्र सरकारदरबारी कुणीच नाही.

"अजून दोनदा येता येईल," मुलगी म्हणाली. "तरी नाही आले तर फाईल परत जाते. पुढचा माणूस."

आता ही फ्रेंच पेस्ट्रीच्या शाळेची भानगड सुरू कशी झाली, ते उगाळत बसत नाही. एका गिऱ्हाईक बाईने माझा केक चाटूनपुसून खाल्ला आणि वर विचारलं, "म्हणजे तुम्ही कुठे शिकलेल्या वगैरे नाही?" माझं डोकं फिरलं. रागात माणसं दुसऱ्याचं डोकं फोडतात. मी अर्ज भरला. चुकलंच. डोकं फोडलं असतं तर निदान पोलिसांनी तरी माझे ठसे शोधून काढले असते.

रागात घेतलेल्या निर्णयाचं असं असतं की राग उतरतो, निर्णय उतरत नाही. प्रवेश मिळाल्याचं कळलं त्या घटकेपासून मी नुसती भीत होते. विमानाची भीती, भाषेची भीती, अर्ध्या वयाच्या पोरांच्या शेजारी टेबलाशी उभं राहायची भीती. आणि सगळ्यांच्या तळाशी एक, ती कुणाला सांगण्यासारखी नाही: तिथे गेल्यावर त्यांना कळेल की हिला काहीच येत नाही. इथे निदान ते फक्त मलाच माहीत होतं. माझी मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटावेत तसे चेहरे केले होते. आई शिकायला निघाली तर लोक विचारतात, "घरी सगळं ठीक आहे ना?"

तेव्हा खरं सांगते, यंत्र लाल झालं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. जाता येणार नाही, आणि दोष आपला नाही! भित्र्या माणसाला याहून मोठं बक्षीस कुणी देऊ शकत नाही. अर्थात हे बोलायचं नसतं. म्हणून मी त्या मुलीवर जोरदार खेकसले आणि ताठ मानेने घरी आले.

नवरा विमा कंपनीत आहे. माणसं कशी जळतात, घसरतात, बुडतात, याचे दावे तपासायचं त्याचं काम. ते वाचून वाचून त्याची नजर अशी झाली आहे की त्याला खुर्ची दिसत नाही, खुर्चीवरून पडणारा माणूस दिसतो. ठशांचं ऐकल्यावर त्याचा चेहरा परीक्षा पुढे ढकलल्यासारखा उजळला. मग खोकून त्याने तो चेहरा आवरला.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण आता यंत्रापुढे आपण काय करणार? जाऊ दे ना."

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या फार बोलत नाहीत. एकदा बोलल्या की आठवडाभर पुरतं. "कातडी आहे ती, दगड नाही," त्या म्हणाल्या. "झिजली तशी भरून येईल. हात थांबव जरा."

हे बोलणं वरच्या मजल्यावर कसं पोचलं देव जाणे, पण चहा कपात पडायच्या आत नियमकाका दारात. हे कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर कागदांवर शिक्के मारले आणि अडाणी लोकांचे अंगठे शाईत बुडवून घेतले, त्यामुळे जगात अशी गोष्ट नाही जिचा नियम त्यांना ठाऊक नाही. माझे हात त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन तपासले.

"इथेच चुकलं तुमचं," ते म्हणाले. "बोट ओलं असणार. ओल्या बोटाचा ठसा फिसकटतो. मी हजारो अंगठे घेतलेत वहिनी, फडक्याने खडखडीत पुसल्याशिवाय एकाला कागदाला हात लावू दिला नाही. पावडर लावा. बोट कसं पाहिजे? खडूसारखं!"

"काका, तिथे शाई नसते. काच असते."

"शाई काय न् काच काय, ठसा तो ठसा. नियम बदलत नाही."

जन्मभराच्या अनुभवापुढे कोण बोलणार? नवऱ्याने त्याच संध्याकाळी पावडरचा मोठा डबा आणला.

मग समोरची पार्लरवाली आली. तिने माझा हात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि नवऱ्यासमोर म्हणाली, "ताई, हे हात आहेत की पक्कड?" मी ओव्हनला सोडून कुणाला घाबरत नाही, पण त्या क्षणी मला हात पाठीमागे लपवावेसे वाटले. तिने गरम मेणात बुडवून, सोलून, चोळून माझ्या हातांवर पांढरे सुती मोजे चढवले. "झोपतानाही काढायचे नाहीत. आणि कशाला हात लावायचा नाही." मेण लावायचं तिने आणि त्यावर पावडर फासायची नियमकाकांनी, यावरून दोघांचं जिन्यात भांडण झालं. ते माझ्या हातांवरून होतं, पण मला कुणी विचारलं नाही.

कातडीच्या डॉक्टरचं दोन वाक्यांत आटोपलं.

"काम बंद करा. ठसे येतील."

"आणि मग डॉक्टर?"

"मग करा काम. परत जातील."

असा माझा राजेशाही काळ सुरू झाला. नवरा भांडी घासायला लागला. त्याला साबणावरून घसरणारा माणूस दिसत होता, त्यामुळे तो मोरीत रबरी बूट घालून उभा राहायचा. सासूबाईंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मी बसून. केस नवरा विंचरून द्यायचा. दाव्यांच्या फायली चाळायची सवय, त्यामुळे भांग पडला की बाजूला होऊन तो आधी नुकसान बघायचा. जिन्यात कुणी मला पिशवी उचलू देईना. कोपराने दारावरची बेल वाजवताना एकदा पार्लरवालीने बघितलं आणि शाबासकी दिली. स्वतःच्या घराची बेल कोपराने वाजवल्याबद्दल शाबासकी! आयुष्यात इतके उत्तम केक केले, तेव्हा कुणी अशी पाठ थोपटली नव्हती.

इकडे बोटं आराम करत होती आणि डोकं भीत होतं. हाताला काम असलं की भीती पिठात जाते, लाटण्याखाली सपाट होते. मोजे घालून खिडकीत बसलेल्या बाईची भीती जाणार कुठे? ती अंगात फुगते. यीस्ट जास्त झाल्यासारखी.

आणि त्यातच शाळेकडून निरोप आला: प्रवेश पक्का होण्याआधी व्हिडिओवर प्रत्यक्ष काम दाखवावं लागेल. पीठ, बटर, घड्या, भाजणं, सगळं शिक्षकांसमोर. म्हणजे बघा. कचेरीला कामच न केलेले हात हवेत, शाळेला कामाने तयार झालेले. आणि दोन्ही एकाच बाईकडून. ज्यांनी हे नियम केले त्यांना एकदा एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली पाहिजे.

मी ठरवलं, मोजे घालूनच करायचं. त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. नवरा वाळूची बादली घेऊन ओव्हनजवळ. नियमकाका दारात, कारण परीक्षा कशी घेतात याचाही त्यांना नियम माहीत होता. पार्लरवाली मोज्यांसाठी. सासूबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर. फोनच्या पडद्यावर एक कपाटाएवढा माणूस आला, पांढरा कोट घातलेला. हाच शेफ. त्याने माझ्या मोज्यांकडे बघितलं आणि स्वतःचे दोन्ही हात वर करून बोटं हलवली. त्याची भाषा मला चार शब्द येते, पण हे कळायला एकही शब्द लागत नव्हता. मोजे काढ.

"ताई, नाही हं!" पार्लरवाली किंचाळली.

मी काढले. मोज्यातून हाताला पिठातल्या बटरची नस कळत नाही, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. बटरची वडी पिठात ठेवली, पीठ चहूबाजूंनी मिटलं, लाटलं, घडी घातली, फ्रिजमध्ये ठेवलं, काढलं, पुन्हा लाटलं. इतक्या दिवसांनी हाताखाली पीठ आलं आणि सांगते, मी त्या कपाटाला विसरले, वाळूच्या बादलीला विसरले. बटर कुठेही फुटलं नाही. शेफ पडद्याजवळ आला आणि दोन शब्द बोलला. नेमके माझ्या चारांतले दोन. "थंड हात." मग अंगठा वर केला.

आमच्या धंद्यात याहून मोठी स्तुती नाही. गरम हाताचा माणूस बटर वितळवतो. थंड, कोरडे हात जन्माने मिळतात. कुठे शिकलात असं न विचारता कुणीतरी पहिल्यांदाच माझ्या हाताबद्दल बोललं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि पाणी आलं म्हणूनच पुढचं झालं.

त्या पिठाचे पापुद्र्यांचे पाव, म्हणजे क्रॉसाँ, भाजून झाले, मी ट्रे ओढला, डोळ्यांपुढे धुकं, फडकं सरकलं, ट्रे कलंडला. शहाणा माणूस सोडून देतो. मी उघड्या हाताने धरला. क्रॉसाँ एकही पडला नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट मात्र भाजून निघालं.

नवऱ्याने वाळूची बादली माझ्या हातावर ओतायच्या आत सासूबाईंनी माझा हात नळाखाली धरला.

"टाळता येण्याजोगा अपघात," नवरा पुटपुटला. त्यांच्याकडे अशा दाव्याला पैसे मिळत नाहीत.

शाळेत पास झाले. व्हिसा कचेरीत दुसऱ्यांदा नापास. बोटांवर पट्टी, पट्टीखाली फोड, उरलेल्या बोटांवर नियमकाकांची पावडर. काचेवर पांढरे डाग उठले, यंत्र लाल झालं आणि त्या मुलीने निमूटपणे काच पुसली. "आता शेवटची वेळ," एवढंच म्हणाली.

घरी आले तर सगळे सांत्वनाला तयार. आणि गंमत बघा, मलाही हेच हवं होतं ना? मग का कोण जाणे, त्यांचं एकेक वाक्य टोचायला लागलं. नियमकाका म्हणाले, "प्रयत्न केलात, पुष्कळ झालं. नियमापुढे कोण जातो?" नवरा फोनवर मुलीला सांगत होता, "हो, राहिल्यातच जमा आहे. बरंच झालं म्हणायचं, त्या थंडीत काही झालं असतं तर?" प्रेमाने सांगत होता, तो सगळं प्रेमानेच करतो. पार्लरवालीने तर कमाल केली. "ताई, पोरीच्या वाढदिवसाचा केक तुमच्याकडेच हं. आता काय, तुम्ही आहातच."

आहातच! कपाट आहेच, पंखा आहेच, तशी मी आहेच.

शेवटच्या दिवशी नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. कुणीतरी खरोखरच खुर्चीवरून पडला होता. सासूबाई म्हणाल्या, "मी येते." त्या कधी कुठे येत नाहीत. निघताना नियमकाकांनी जिन्यातच माझे दोन्ही हात धरून पावडरीत बुडवले. अंगठ्याची जखम भरून नवी गुलाबी कातडी आली होती. तिच्यावर रेष म्हणून दिसत नव्हती.

कचेरीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. समोर आकडे पळत होते. माझे हात मांडीवर, दोन पांढरे, कोरडे, मेलेले मासे.

"भीती वाटते?" सासूबाईंनी समोर बघत विचारलं.

"हो."

"जायची?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी मान डोलावली.

"मग काही काळजी नाही," त्या म्हणाल्या. "ठसे यायचे नाहीतच. जाऊ परत."

मला जरा बरं वाटलं. पण आठवडाभराचं बोलणं त्या दिवशी त्यांनी एकदम काढलं होतं.

"समोरच्या पोरीचा केक करशील. पुढच्या वर्षी परत तिचाच. मग वरच्यांचा पंचाहत्तरावा. ओव्हन जुना होईल, नवीन घेशील. मी जाईन कधीतरी, मग माझ्या जागी स्टुलावर तू बसशील. कुणी काही बोलणार नाही तुला. तो रोज म्हणेल, बरं झालं राहिलीस. मनापासून म्हणेल. चांगला आहे गं तो." त्यांनी पदर सारखा केला. "त्याचे वडीलही फार चांगले होते."

एवढंच. पुढे काही नाही. त्यांना कुठे जायचं होतं, कधी जायचं होतं, काय राहिलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. मी फक्त त्यांच्या हातांकडे बघितलं. इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण मी ते कधी बघितले नव्हते. माझ्यासारखेच होते. गुळगुळीत.

विमानाची भीती मला ठाऊक होती. कपाटाएवढ्या शेफची ठाऊक होती. पण हे जे आता पाठीच्या कण्यातून वर चढलं, ते वेगळंच होतं. मला ते स्टूल दिसलं. कोपऱ्यातलं. रिकामं. माझ्या मापाचं. काखेत पाझर फुटला, मग कपाळावर, मग तळहातांवर. नियमकाकांची पावडर भिजली, बोटांच्या मधे तिचा चिखल झाला. पाणी जास्त पडलेला मैदाच जणू.

माझा आकडा आला. मी उठून यंत्रापाशी गेले.

"ईऽ! पुसा आधी ते," मुलगी म्हणाली.

मी पुसलं. लगेच पुन्हा घाम फुटला. पुन्हा पुसलं, पुन्हा फुटला.

"असू दे, ठेवा तसेच."

डावी चार बोटं ठेवली. यंत्राने विचार केला. मला कळत होतं की आता ते लाल झालं तर मला सुटल्यासारखं वाटणार नाही. आता ते लाल झालं तर मी इथे, या फरशीवर, सगळ्यांसमोर बसकण मारणार आहे.

हिरवं.

उजवी चार. हिरवं. अंगठे. जरा वेळ लावला, त्या नव्या गुलाबी कातडीपाशी अडखळलं, आणि हिरवं.

पडद्यावर माझी बोटं मोठी होऊन उमटली होती. मी आजवर ती कधी अशी बघितली नव्हती. पदरावर पदर, पदरावर पदर, मधे बारीक पोकळी. उत्तम भाजलेला क्रॉसाँ मधोमध कापावा, तशी.

"आले की!" मुलगी म्हणाली. "घाम आलाय ना, म्हणून. कोरड्या बोटांनाच त्रास होतो. आम्ही अशा लोकांना ओला फडका लावायला सांगतो."

"मला नाही सांगितलंत!"

"तुम्ही विचारलं नाहीत."

माझ्या तोंडात जे आलं होतं ते छापण्यासारखं नाही, आणि त्यातलं निम्मं नियमकाकांसाठी होतं. पण सासूबाईंनी माझं कोपर धरलं आणि म्हणाल्या, "चल. सामान बांधायचं आहे."

व्हिसा आला. नवऱ्याने विमानातले दरवाजे कुठेकुठे असतात ते मला पाठ करायला लावलं आणि विमानतळावर लहान मुलासारखा रडला. नियमकाका अजून सगळ्यांना सांगतात, की पावडरीने काम झालं.

भीती तिकिटाशिवाय माझ्याबरोबर आली. शाळेच्या पहिल्या दिवशी स्टीलच्या लांबलचक टेबलाशी उभी राहिले, दोन्ही बाजूंना माझ्या मुलीच्या वयाची पोरं, समोर तो कपाटाएवढा शेफ, आणि माझ्या जगप्रसिद्ध थंड हातांखाली बटर पाघळायला लागलं. पिठातून बाहेर येऊन टेबलावर वाहिलं. शेफने माझं मनगट धरलं, तळहाताला स्वतःचा हात लावला, भुवया वर केल्या आणि एकच शब्द बोलला. तो माझ्या चारांतला नव्हता, पण कळला. गरम. मग मला गार पाण्याच्या नळापाशी नेऊन उभं केलं, सगळ्या पोरांदेखत.

संध्याकाळी घरी फोन लावला. नवऱ्याने आधी आगीच्या वेळी बाहेर पडायचा जिना बघितलास का विचारलं. मग फोन सासूबाईंकडे गेला.

"हात कसे आहेत?"

"घामेजतात, आई. बटर वितळतंय सगळं. आज नुसती नळाखाली उभी होते."

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"घाम येतोय ना? घामानेच तर ठसे उमटले. म्हणजे गेलीस ती तूच," त्या म्हणाल्या. "पूस, आणि लाग कामाला."